दोन लवंगांचं नवरात्र

पितृपक्षाचे शेवटचे दिवस आले की गुलमंडीच्या कडेला बाया घटाची माती घेऊन बसतात. पोत्यावर काळ्या मातीचा ढीग, शेजारी बांबूच्या परड्या, पत्रावळी, सप्तधान्याच्या पुड्या. उन्हं पुन्हा तापायला लागलेली असतात, गणपतीतला चिखल वाळून त्याची धूळ झालेली असते आणि त्या धुळीत झेंडूचा वास मिसळायला सुरुवात होते. मला हा वास फार आवडायचा. आता चार वर्षं झाली, मी या दिवसांत गुलमंडीकडून जात नाही. लांबून वळसा घालते. रिक्षावाला विचारतो, "मॅडम, उधर से क्यों?" मी म्हणते, गर्दी असते.

गर्दीचं काही नाही. माझी धाकटी बहीण सुनंदा अशाच एका नवरात्रात आमच्या हातून गेली. गेली म्हणजे मेली नाही. पडेगावला तिच्या घरी आहे. जेवते, झोपते, मला ओळखते, लहानपणीच्या मारामाऱ्या तारीखवार सांगते. पण त्या वर्षीच्या पावसाळ्यापासून पुढं जे घडलं, त्यातलं तिच्या डोक्यात काहीच राहत नाही. अर्ध्या तासापूर्वी चहा घेतला हेही नाही. तिच्या लेखी शहराचं नाव अजून औरंगाबादच आहे; अर्थात ते इथं बऱ्याच जणांचं आहे आणि त्यावरून कुणाला आजारी ठरवत नाहीत. पण आमच्या भावाच्या लेकीचं, भाचीचं, लग्न होऊन तिला मुलगी झाली, हे सुनंदाला दर वेळी नव्यानं सांगावं लागतं, आणि दर वेळी ती तितकीच हरखते, आणि आपल्याला बोलावलं नाही म्हणून तितकीच रुसते.

आम्ही दोघी अंगानं आईवर गेलेल्या. अजिंठ्याजवळच्या आमच्या गावात आईला 'मोठी बाई' म्हणत. त्यात मान किती आणि माप किती, हे तिलाही ठाऊक होतं. शाळेत आम्ही दोघी एका बाकावर बसलो की तिसरीला जागा उरत नसे. मी चिडायची, घरी येऊन रडायची. सुनी हसायची. कुणी 'जाडे' म्हणून हाक मारली तर म्हणायची, "व्हय, मग? तुपल्या घरचं खाते का?" लग्नकार्यात गेली की मांडवातल्या दोन प्लास्टिकच्या खुर्च्या एकीत एक घालायची आणि मग त्यावर टेकायची. "एकीचा भरवसा नाय," असं चारचौघांत मोठ्यानं सांगायची, म्हणजे दुसरं कुणी काही बोलायच्या आत हसून मोकळं होता यायचं. आज तिचं वजन पंचावन्न किलो आहे. मध्यंतरी भाचीकडं गेलो तर तिनं कोपऱ्यातली दुसरी खुर्ची ओढली, पहिलीत घातली, आणि अगदी जपून, हातांवर भार देत बसली. बारीक झालेली सुनंदा सुनंदाला माहीतच नाही. जिच्यासाठी एवढं सगळं केलं, ती बाई तिनं कधी पाहिलीच नाही.

तिच्या सासरी नवरात्राची एक रीत आहे. घरातल्या एका बाईनं नऊ दिवस दोन लवंगांवर राहायचं. सकाळी एक, संध्याकाळी एक, मध्ये नुसतं पाणी. तिच्या सासूबाईंनी, गोदाबाईंनी (सुनंदा त्यांना आत्याबाई म्हणते), चाळीसेक वर्षं हे व्रत चालवलं. अष्टमीला अख्खी गल्ली त्यांच्या पाया पडायला यायची. पुढं त्यांचं वय झालं आणि रीत सुनेकडं यायला हवी होती. पण सुनंदाला साखरेचा आजार. दुपार झाली की हातपाय कापायला लागायचे, डोळ्यांपुढं अंधारी यायची, मग ती डब्यातला गुळाचा खडा तोंडात टाकायची आणि उपवास तिथंच संपायचा. "एकादशी अन् दुप्पट खाशी," गोदाबाई म्हणायच्या. त्या दुष्ट नव्हत्या. म्हण तोंडात होती, म्हणायच्या. जावा हसायच्या, नणंदा हसायच्या, सुनंदा सगळ्यांत मोठ्यानं हसायची. अशी बावीस वर्षं गेली.

वजन उतरवायच्या ऑपरेशनची कल्पना माझी. माझे गुडघे गेले होते. मी शाळेत मराठी शिकवते आणि वरच्या मजल्यावरचा तास असला की जिन्यातच माझी दहा मिनिटं जायची. तिची साखर औषधाला दाद देईना. दोघी मिळून एका दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी कागदावर दोन पोटं काढून दाखवली. पहिल्यात पोटाचा मोठा भाग कापून टाकायचा आणि केळ्याएवढी नळी ठेवायची. ते स्लीव्ह. दुसऱ्यात पोटाचा अंड्याएवढा कप्पा वेगळा करायचा आणि आतडं वर आणून त्याला जोडायचं. तो बायपास. माझ्यासाठी स्लीव्ह पुरेल, सुनंदाच्या साखरेला बायपास बरा. पण दोघींचं कुठलंही करता येईल, तुम्ही ठरवून सांगा, असं म्हणून त्यांनी कागद आमच्याकडं सरकवला. आता ठरवा म्हणजे काय? आमच्या घरांमध्ये बाईला पडद्याचा रंगसुद्धा कुणी विचारत नाही, आणि इथं एकदम आतडं कुठं जोडायचं ते विचारत होते.

दवाखान्याच्या बाहेर एक भज्यांचा गाडा होता. ठरवायचं म्हणून आम्ही त्याच्यासमोर उभ्या राहिलो आणि 'आता शेवटचीच' म्हणत दोन प्लेट मूगभजी घेतली. सुनंदा तो कागद उलटासुलटा करून बघत होती. कागदाला तेलाचे डाग पडले.

"ताई, दोघींचं सारखंच करू," ती म्हणाली. "तुपलं कापायचं अन् मपलं जोडायचं, असं कुठं असतं व्हय? दिवाळीला साडी घेतो तर एकसारखी घेतो आपण."

"साडी आहे का ती? साखर जाईल तुझी. तू बायपासच कर."

"जोडलेलं सुटलं म्हंजे?"

"सुटत नाही."

"तुला काय म्हाईत?"

"वाचलंय मी."

खरंच वाचलं होतं. महिनाभर मोबाइलवर दुसरं काही बघत नव्हते. लोकांचे अनुभव, आधीचे फोटो, नंतरचे फोटो, कुणाचं काय चुकलं, कुणाचं काय साधलं. तिनं यातलं काही वाचलेलं नव्हतं. तिनं फक्त माझं ऐकलं. शेवटचं भजं माझ्या प्लेटमध्ये टाकत म्हणाली, "बरं बाई, बायपास तर बायपास."

आषाढात आमची ऑपरेशनं झाली, एका दिवसाच्या अंतरानं. बाहेर पाऊस आणि आत आम्ही दोघी शेजारशेजारच्या खाटांवर, हातात औषधाच्या मापाएवढा पेला घेऊन. तेवढं पाणी संपवायला अर्धा तास लागायचा. तिथं फरहीन नावाची एक मुलगी होती, आहाराचं बघणारी. काटकुळी, कायम घाईत, पण आमच्यापाशी बसली की उठायची नाही. "मावशी, आता भूक नाही सांगणार, घड्याळ सांगणार. समझे ना? भूक नाही लागली तरी घ्यायचं. प्रोटीनची पावडर चुकवायची नाही, व्हिटॅमिनची गोळी चुकवायची नाही. आणि उलट्या दोन दिवसांच्या वर चालल्या तर फोन नाही करायचा, सरळ इथं यायचं." तिनं दोघींच्या फोनमध्ये दिवसाचे सहा-सहा गजर लावून दिले. सुनंदा तिला म्हणाली, "पोरी, आयुष्यभर आम्हाला खाऊ नका म्हणून सांगितलं लोकांनी. खा म्हणून गजर लावणारी तू पहिलीच." फरहीन इतकी हसली की नर्स बघायला आली.

श्रावण फार सुखाचा गेला. ते सुख आठवलं की आता त्याचाच जास्त त्रास होतो. सुनंदाच्या साखरेच्या दोन गोळ्या बंद झाल्या. हातातून बांगड्या आपसूक निघायला लागल्या. रोज सकाळी फोन करून वजन सांगायची, आणि माझं तिच्यापेक्षा कमी उतरलं की खूश व्हायची. "शेवटी बायपास तो बायपास," म्हणायची. मग भाद्रपदात महालक्ष्म्या आल्या. तिनं पुरणाचे दोन घास खाल्ले आणि उलट्या सुरू झाल्या. त्या थांबेचनात, एक दिवस बरा, दोन दिवस वाईट. दवाखान्यात जावं तर पुरण खाल्लं म्हणून फरहीन रागावेल, या भीतीनं ती गेलीच नाही. पन्नाशीला आलेली बाई पंचविशीतल्या पोरीला भ्याली. मला म्हणाली, "पित्त झालंय गं." मी म्हटलं, "हळू खात जा." एवढंच म्हटलं. दोन दिवसांच्या वर गेलं तर काय करायचं हे मलाही तोंडपाठ होतं.

घट बसले त्याच्या तिसऱ्या दिवशी दुपारी तिचा फोन आला. आवाज खोल गेलेला, पण आनंदी. "ताई, लवंगांवर बसलेय. तिसरा दिवस. तुला सांगते, खावंसंच वाटत नाय. हात कापत नाय, अंधारी नाय. देवीच करून घ्यायलीय. आत्याबाईंनी आज मला स्वतः पाट मांडून दिला."

"आणि पावडर? गोळ्या?"

"अगं, चाकलेटची चव हाय त्या पावडरला. अन् गोळी चघळायची, गोड. उपवासाला कशी चालंल? नऊच दिवस तर हायेत."

मला वाटलं का, की हे बरोबर नाही? वाटलं असेल. पण त्याहून जास्त वाटला तो हेवा. आम्हा दोघींपैकी कुणालाच आयुष्यात एक धड उपवास जमला नव्हता आणि तिला तो जमत होता. मी म्हणाले, "बस की मग. आपल्यातल्या एकीला तरी जमू दे." आणि तेवढ्यात माझा दोन वाजताचा गजर वाजला. "ठेवते गं," म्हणाले, फोन ठेवला, कपात पावडर घोळली आणि प्यायले. तिच्याही फोनमध्ये तोच गजर तेव्हाच वाजला असणार. तिनं तो बंद केला असणार.

सातव्या दिवशी पहाटे त्यांच्या घरच्या बाया कर्णपुऱ्याच्या देवीला अनवाणी चालत निघाल्या. मी यात्रेच्या तोंडाशी त्यांना गाठलं. उजाडायला लागलं होतं. खेळण्यांची दुकानं अजून झाकलेली, पाळणे थांबलेले, नारळ-फुलांच्या दुकानांत मात्र दिवे. सुनंदा हिरव्या साडीत होती. साडी अंगावर राहत नव्हती, इतकी ती उतरली होती. पाय फाकून, डोलत, एकीच्या खांद्यावर हात टाकून चालत होती. डोळ्यांच्या बाहुल्या जागच्या जागी थरथरत होत्या. रांगेतून गाभाऱ्यासमोर पोचल्यावर ती मोठ्यानं म्हणाली, "दोन दिसत्यात. देवी दोन हायेत."

बायांमध्ये कुजबुज झाली. गोदाबाईंनी हात जोडले. "जोडीनं दर्शन दिलं आईनं," त्या म्हणाल्या. मग कुणीतरी तिच्या कपाळाला मळवट भरला. कुणी ओटी भरली. अंगात आलं म्हणतात तसं ती झुलत होती, म्हणून एकीनं पदर पसरून विचारलं, माझ्या लेकाचं लग्न कधी होईल? सुनंदा म्हणाली, "झालं की. मी गेल्ते ना जेवायला." त्या बाईचा मुलगा बिनलग्नाचाच होता. पण तिच्या डोळ्यांत पाणी आलं, तिला तो कौल वाटला. आणि मी? दरवर्षी आठवीच्या पोरांकडून अंधश्रद्धेवर निबंध लिहून घेणारी, त्यातल्या चुकांखाली लाल रेघा मारणारी मी, पुढं झाले आणि माझ्या धाकट्या बहिणीच्या पायांवर डोकं ठेवलं. भक्ती होती की कौतुक, मला अजून सांगता येत नाही. तिची पावलं गार होती. मी ते कुणाला बोलले नाही.

नवव्या दिवशी तिनं नवऱ्याला ओळखलं नाही. विलासराव तिला उचलून गाडीत घालून दवाखान्यात घेऊन आले. डॉक्टरांचा पहिलाच प्रश्न होता, शेवटचं नीट जेवण कधी झालं? विलासराव म्हणाले, "कडक उपवास होता, साहेब." डॉक्टर खुर्ची ओढून आमच्यासमोर बसले. मग त्यांनी समजावलं, शांतपणे, आम्हाला न रागावता. अन्नातून मिळणारं एक साधं जीवनसत्त्व असतं, शरीरात त्याचा साठा फार दिवस पुरत नाही. आधी तीन आठवडे उलट्या, मग सात-आठ दिवस काहीच नाही. साठा संपला की डोळे बिघडतात, चाल जाते आणि मग आठवण. एकाचे दोन दिसणं, तोल जाणं, भलतंच बोलणं, ही त्याची लक्षणं. सगळी लक्षणं आम्ही पाहिली होती. पाहून हळद-कुंकू वाहिलं होतं.

इंजेक्शनांनी डोळे चार दिवसांत ताळ्यावर आले. चाल वर्षभरात बरीच सुधारली. आठवण आली नाही.

पुढं कितीतरी महिने मी एकाच प्रश्नाला धरून बसले होते: मी तिला बायपास करायला लावला नसता तर? एकदा धीर करून डॉक्टरांना विचारलंच. ते म्हणाले, "खाणं थांबलं असतं तर स्लीव्हमध्येही हे झालं असतं." मला दिलासा द्यायला म्हणाले असतील. पण माझ्याकडं तेवढीच एक चूक होती जिच्यामागं मी लपू शकत होते. ऑपरेशन चुकीचं निवडलं, ही चूक मोठ्या माणसांची असते, वाचून-विचारून केलेली. फोन ठेवून पावडर प्यायले, त्या चुकीला काय म्हणायचं? फरहीन अजून तिथंच आहे. तपासणीला गेले की माझं वजन लिहून घेते आणि सुनंदामावशी कशा आहेत विचारते. मी म्हणते, बरी आहे. ती मान खाली घालून लिहीत राहते.

गोदाबाईंनी घट घरातून हलवला. आता तो समोरच्या गल्लीत सुनंदाच्या धाकट्या दिराकडं बसतो. या घराच्या दाराला नवरात्रात झेंडूचं तोरण नाही, देव्हाऱ्यात माळ नाही. सुनंदाला काही दिसू नये म्हणून. नवरात्र दिसलं की ती लवंगा मागते. आणि चाळीस वर्षं दोन लवंगांवर राहिलेली ती म्हातारी आता भर नवरात्रात, भर दुपारी, सुनेसमोर मांडी घालून भाकरी खाते, कारण समोर कुणी खाल्लं तरच सुनंदा खाते. मला एकदा म्हणाल्या, "देवीला सांगितलंय मी. पाप लागायचं तर मला लागू दी. तिला जेऊ दी." यंदा त्या बऱ्याच वाकल्यात.

परवा, घट बसल्याच्या चौथ्या दिवशी, मी पडेगावला गेले. गोदाबाई दुधात भाकरी कुस्करत होत्या. सुनंदा मला बघून उठली, फाकलेल्या पायांनी चालत आली आणि हात धरून म्हणाली, "बरं झालं आलीस. उद्या डॉक्टरकडं जायचंय ना? मग ठरवलं का तू, कोणतं करायचं?"

हे ती मला दर भेटीत विचारते. तिचं आयुष्य जिथं थांबलं, तिथं आम्ही दोघी अजून ठरवतोच आहोत. मी नाना उत्तरं देऊन पाहिली. पहिलं वर्षभर 'बघू' म्हणायची. एकदा 'स्लीव्ह' म्हणून बघितलं, जणू त्यानं काही मागं फिरणार होतं. ती इतकी खूश झाली, म्हणाली, "मंग दोघींचं सारखंच." त्या दिवशी परत येताना मी रिक्षात हुंदके देऊन रडले.

परवा मी तिला म्हणाले, "सुने, काहीच नको करायला. आहोत तशा राहू दोघी. जाड तर जाड."

मला वाटलं होतं ती हसेल. ती हसली नाही.

"नाय ताई. मला करायचंय." तिनं सासूकडं बघितलं आणि आवाज बारीक केला, तरी गोदाबाईंना ऐकू जात होतं. "मला एकदा तरी लवंगांवर बसायचंय. आत्याबाई थकल्या आता. त्यांच्या मागं कोण बसंल? अन् सगळ्या हसत्यात मला. मी बी हसते, म्हणून तुम्हाला वाटतं हिला काय नाय वाटत. मला लई लागतं गं ते. तुला कधी बोलले नाय."

गोदाबाईंचा हात ताटात तसाच थांबला. तेवढ्यात समोरच्या गल्लीतून आरतीची घंटा ऐकू आली, मग टाळ्या. सुनंदानं कान दिला. तिची नजर ताटाकडं गेली, मग रिकाम्या देव्हाऱ्याकडं, मग माझ्याकडं.

"ताई, घट बसले काय गं?"

"नाही," मी म्हणाले. "अजून आठ दिवस आहेत. तोवर नीट खाऊन घे."

"आठ दिवस?"

"आठ दिवस."

तिचा चेहरा मोकळा झाला. ती आमच्या दोघींच्या मध्ये खाली बसली आणि तिनं तोंड उघडलं. गोदाबाईंचा हात अजून ताटातच होता, म्हणून घास मीच भरवला.